शाळामास्तर सिलो

आज एमएस्सीच्या गणिताच्या वर्गात सिलोचं प्रमेय शिकवलं. ग्रुप म्हणजे असा संच, ज्यात दोन घटक ठरावीक नियमाने जोडले की संचातलाच घटक मिळतो आणि ती जोडणी उलटवताही येते; त्यात किती घटक आहेत यावरून त्याच्या आत कोणते छोटे ग्रुप असणार, हे हे प्रमेय सांगतं. १५ घटकांचा ग्रुप चक्रीयच असतो, म्हणजे एकाच घटकापासून सगळे घटक बनतात, हे फळ्यावर चार ओळींत निघालं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी चक्क "अरे!" म्हणाली. त्या एका "अरे"साठी मी शिकवते.

मग त्यांना लुडविग सिलो सांगितला. नॉर्वेतल्या एका लहान गावात १८५८ ते १८९८, तब्बल ४० वर्षं शाळेत मास्तर. हे प्रमेय मांडणारा १८७२चा त्याचा शोधनिबंध जेमतेम दहा-अकरा पानांचा! याच काळात गणितज्ञ सोफुस लीबरोबर नॉर्वेच्याच आबेल या गणितज्ञाचं समग्र गणित संपादित केलं. विद्यापीठात प्राध्यापक झाला तेव्हा वय ६५. त्या चाळीस वर्षांचा विचार डोक्यातून जातच नाहीये.

उद्या ३० घटकांचा ग्रुप. विचार करून या म्हटलंय पोरांना.