नऊ तासांचं प्रकाशवर्ष

खगोलशास्त्रावरच्या एका जुन्या ब्रिटिश पुस्तकाच्या अनुवादाची शेवटची प्रुफं माझ्या टेबलावर होती. संध्याकाळी छापखान्यात जायची होती. माझं काम शुद्धलेखनाचं, आकडे तपासायचं नव्हे. पण ‘प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ सहा अब्ज मैल’ या वाक्याशी पेन्सिल अडली. प्रकाश सेकंदाला १,८६,००० मैल धावतो, हे आदल्याच पानावर होतं. प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर ३,६०० नं गुणलं. तासाला ६७ कोटी मैल. म्हणजे सहा अब्ज, अर्थात ६०० कोटी मैल, नऊ तासांत पार! अख्खं वर्ष माझ्या एका ड्युटीत संपलं होतं.

अनुवादक सर निवृत्त शिक्षक. फोन केला.

“मूळात बिलियन आहे. बिलियन म्हणजे अब्ज, शाळेतलं पोरही सांगेल,” सर जरा चिडलेच. पण अर्ध्या तासात रिक्षा करून मूळ प्रत घेऊन हजर.

त्या प्रतीत आकाशगंगेतल्या ताऱ्यांची संख्या ‘हंड्रेड थाउजंड मिलियन’ अशी दिली होती. बिलियन हाताशी असताना हा लेखक हजार मिलियन कशाला म्हणेल? पुस्तक १९५० च्या दशकातलं. तेव्हा ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे मिलियनचा वर्ग, एकावर बारा शून्यं. नऊ शून्यांचं बिलियन अमेरिकेचं. सरकारी कामकाजात तोच अर्थ घेतला जाईल, असं पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७४ मध्ये संसदेत सांगितलं. जर्मन लोक मात्र अजून बाराच धरतात.

सर गप्प. मग ओठांतल्या ओठांत एकं, दहं, शतं सुरू झालं, आणि बोटं थांबली.

“महापद्म! अगं, सहा महापद्म मैल लिही.”

शब्द देखणा खरा, पण वाचणाऱ्याला त्यात कमळच दिसणार. मी ‘सहा लाख कोटी’वर अडून बसले. सरांना ते बजेटच्या बातमीसारखं वाटत होतं. शेवटी महापद्म तळटीपेत गेलं.

पुस्तकात बिलियन आणखी अकरा ठिकाणी निघालं. छापखान्याला फोन करून काम थांबवलं. रात्री साडेनऊपर्यंत सर इंग्रजी वाक्य वाचत होते, मी शून्यं मोजत होते. नऊ ठिकाणी अब्ज खोडले. उरलेले दोन उतारे लेखकानं अमेरिकन शास्त्रज्ञांचे घेतले होते. तिथले अब्ज बरोबर होते.