पी हळद, आणि झोप

मराठी भाषेने हळदीला फारसे गंभीरपणे घेतलेले दिसत नाही. कामाचे फळ तत्काळ मागणाऱ्या उतावळ्या माणसाला ती ‘पी हळद आणि हो गोरी’ असे म्हणून चिडवते, तर थोडक्या विद्येवर मिरवणाऱ्याला ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला’ म्हणून जागा दाखवते. मौज अशी की, ही भाषा बोलणाऱ्या घरांतूनच पोर खोकले, पडले, भिजले किंवा नुसतेच किरकिरले तरी रात्री त्याच्या हातात हळदीच्या दुधाचे फुलपात्र ठेवले जाते, आणि सकाळपर्यंत त्याला बरे वाटावे अशी अपेक्षाही केली जाते. म्हणजे म्हण तयार करणारे आणि हळद पाजणारे लोक एकच असावेत.

आमच्या सांगलीच्या घरी हे काम आजीकडे होते. ती उकळत्या दुधात चमचाभर हळद टाकायची, एकदा ढवळायची, आणि ‘घे, एका दमात पी, तोंड वाकडं करू नकोस’ असे बजावून पदराने धरलेले फुलपात्र पुढे करायची. वर जाड साय, मध्ये कच्च्या हळदीचा उग्र वास आणि तळाशी न विरघळलेल्या हळदीचा घशाला खवखवणारा गाळ, असे ते तीनमजली पेय होते. पेरूच्या झाडावरून पडल्यावर ढोपराला झालेल्या दुखण्यापेक्षा संध्याकाळनंतर या फुलपात्राचीच भीती मला अधिक वाटे, आणि त्या भीतीने कित्येक पडणी मी घरात सांगितलीच नाहीत. आजीवर माझे प्रेम होते. तिच्या हळदीच्या दुधावर मात्र नव्हते, हे आज तिच्या माघारी लिहायला हरकत नाही.

दोष हळदीचा नसून रीतीचा होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. हळद म्हणजे वाळवून दळलेला कंद. ती साखरेसारखी दुधात विरघळणारी वस्तूच नव्हे. तिचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो ते करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र विरघळते. त्यामुळे हळद दुधात टाकण्याआधी ती तुपाला दाखवणे हीच या पाककृतीतील सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. मी लहान पातेल्यात अर्धा चमचा तूप मंद आचेवर वितळवतो, त्यात दोन मिरे ठेचून टाकतो आणि मग पाव ते अर्धा चमचा हळद घालून तिचा कच्चट वास जाईपर्यंत, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस सेकंद, परततो. याहून अधिक वेळ परतली तर ती करपते आणि कडवट होते. लगेच पेलाभर दूध आणि त्याच्या पाव हिश्श्याएवढे पाणी घालावे, चिमूटभर सुंठ टाकावी आणि पाच-सात मिनिटे बारीक आचेवर उकळू द्यावे. तेवढ्यात वर घातलेले पाणी आटते आणि हळद दुधात मुरते. आल्याचा मोह टाळलेला बरा, कारण ताजे आले नासक्या स्वभावाचे आहे. तापत्या दुधात ते घातले की बरेचदा दूध फाटते आणि पातेल्यात औषधाऐवजी पिवळे पनीर तयार होते. सुंठीचा असा उपद्रव नाही. गुळाचेही तसेच: दूध खाली उतरवून जरा निवल्यावरच तो घालावा. शेवटी सहाणेवर एक-दोन वळसे उगाळलेले जायफळ घालावे, बारीक गाळणीने गाळावे आणि दोन फुलपात्रांत उंचावरून चार वेळा खालीवर करावे. त्याने साय मोडते, वर फेस येतो आणि दूध पिण्याजोगे कोमट होते. वेलदोडा किंवा दालचिनी घालणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण केशर घालणाऱ्यांशी आहे. एवढ्या हळदीत केशर घालणे म्हणजे तुतारीशेजारी सतार वाजवणे होय.

हळद कोणती घ्यावी, याविषयी सांगलीच्या माणसाला मत विचारू नये; तो थांबत नाही. आमच्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला ते त्याच्याही दोन वर्षे आधी मिळाले होते, हे मी मोठ्या मनाने सांगतो. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर असलेल्या हरिपुरात हळद जमिनीखाली पेवांत साठवण्याची चाल होती. तोंड अरुंद, आत पोट मोठे आणि वरून मातीने बंद केलेले पेव असे. तेथील मातीच अशी की, आत ओल शिरत नसे आणि हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. पेव उघडल्यावर आत लगेच उतरता येत नसे, कारण आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नसे. तोंड उघडे टाकून काही तास थांबावे लागे. २००५ च्या महापुरात त्यांतील बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. कशाचा तरी सुकाळ झाला की मराठी माणूस ‘पेव फुटले’ म्हणतो, पण खरोखरची पेवे फुटल्यावर काय उरते, हे त्या वर्षी हळद वाहून गेलेल्या व्यापाऱ्यांना विचारावे. मी अजूनही गावाहून अख्खी हळकुंडे आणतो आणि डंखावर कुटून घेतो. यात जुनेपणाची हौस आहेच, पण दळलेल्या हळदीला भडक पिवळेपणा आणण्यासाठी शिशाचे विषारी रंग मिसळल्याची उदाहरणे आहेत. तब्येतीसाठी प्यायच्या दुधात ते नकोत, एवढी सावधगिरीही आहे.

गेल्या हिवाळ्यात म्युनिकहून भाचीचा फोन आला. ‘मामा, इथे कॅफेत हळदीचं दूध साडेचार युरोला मिळतं, आणि ते टर्मरिक लाटे म्हणतात. तू घरी कसं करतोस ते सांग.’ साडेचार युरोंचा हिशेब मनात रुपयांत केल्यावर आजीने मला लहानपणी किती रकमेचे दूध पाजले असेल, याचा अंदाज येऊन मी क्षणभर गप्प झालो. मग तिला कृती सांगितली. तिने ओटचे दूध वापरू का म्हणून विचारले. मी म्हटले, वापर, पण मग तूप विसरू नकोस, कारण हळदीला चरबीचा आधार लागतो. पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. ‘याने प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?’

या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिले. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असते. अर्धा चमचा हळद दीड ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका पेल्यातून पोटात जाते ते सुमारे ४५ मिलिग्रॅम. आणि त्यातलेही फार थोडे रक्तापर्यंत पोहोचते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की, मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिले तर करक्युमिनचे शोषण वीसपट होते. मिरे घालण्याच्या जुन्या सवयीला हा मोठाच पाठिंबा म्हणायचा. पण त्या प्रयोगात एका वेळी २ ग्रॅम करक्युमिन दिलेले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. तेवढे हळदीतून मिळवायचे तर एका बैठकीत सुमारे ६७ ग्रॅम हळद, म्हणजे मिसळणाच्या डब्यातील हळदीची वाटी उपडी करून, प्यावी लागेल. आजीनेसुद्धा इतके केले नाही. म्हणून भाचीला मी कळवले की, गरम दुधाने घसा शेकतो, सुंठीने बरे वाटते, पण ताप तीन दिवस राहिला तर पातेले नव्हे, डॉक्टर गाठावा; आणि कॅफेच्या काउंटरवर करक्युमिनच्या गोळ्या दिसल्या तर त्या मुळीच आणू नयेत, कारण जेवणातली चिमूट वेगळी आणि रोजचा मोठा डोस वेगळा. तिचे उत्तर आले, ‘म्हणजे पी हळद आणि हो गोरी नाही?’ परदेशात राहून म्हण शाबूत आहे, याचा मला आनंद झाला.

औषध म्हणून हळदीची बाजू मी अशी पातळ करतो खरी, पण दुसऱ्या कोणी तिच्यावर मालकी सांगितली तर मात्र माझे रक्त तापते. १९९५ मध्ये अमेरिकेत, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते, आणि त्यात हळद जखमेवर लावणे व पोटात देणे ही दोन्ही आली होती. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. लढाई आजीच्या माहितीसाठीच चालली होती. तिला फक्त ती माहिती छापलेली असावी लागते, हे ठाऊक नव्हते.

संस्कृतात हळदीला जी नावे आहेत, त्यांनी मला या दुधाकडे पाहण्याची वेगळीच वाट दाखवली. अमरकोश तिला ‘निशाख्या’ म्हणतो, म्हणजे रात्रीची जी नावे तीच हिची. निशा, रजनी, सगळी. उन्हासारख्या पिवळ्या वस्तूला रात्रीचे नाव मिळावे, हे मला फार दिवस कोडे वाटे. आता दहाच्या सुमारास पातेले चढवतो, घरातले दिवे एकेक मालवत येतो आणि दूध उतू जाऊ नये म्हणून फोन बाहेरच्या खोलीत ठेवून दहा मिनिटे ओट्याशी नुसता उभा राहतो, तेव्हा कोडे उलगडले नाही तरी नाव चुकीचे वाटत नाही. या दहा मिनिटांत दुसरे काहीच करता येत नाही, कारण पाठ वळली की दूध वर येते.

तळाशी गाळ आता राहत नाही. राहतो तो डाग. प्लास्टिकची गाळणी पहिल्याच आठवड्यात पिवळी झाली. पांढऱ्या पुसण्यावर दूध सांडले, तेव्हा मी घाईने साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. हळद आणि चुना यांचे कुंकू होते, त्यातलाच हा प्रकार. पण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, हे आजीला पक्के ठाऊक होते, आणि डागाळलेले कपडे ती ओलेच अंगणात टाकायची. गाळणी आणि पुसणे आता रोज सकाळी खिडकीत उन्हात असतात. दुपारपर्यंत दोन्ही बरीच फिकट होतात, आणि रात्री पुन्हा पिवळी.