टीपॉयला देवी आल्या

आपल्याकडे सोलापुरात बाहेरून लूम मागवला की मशीन जातं शेडमध्ये आणि त्याची पाइनची पेटी जाते भंगारात, तसल्याच एका पेटीच्या फळ्या अक्कलकोट रोडवरून उचलून आणल्या आणि सुतारमामांकडून टीपॉय करून घेतला. एका फळीवर अजून एचटीचा शिक्का आहे, म्हणजे कीड मरावी म्हणून लाकूड आतपर्यंत 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलेलं. (मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली वेगळं काय होतं म्हणा.)

मला त्या फळ्यांवरच्या गाठीच आवडलेल्या. आईने बघितलं आणि म्हणाली, "ह्याला देवी आल्यात का रे?"

पॉलिश घरीच करायचं ठरवलं, वॉलनट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा अक्रोडी रंग, आणला आणि उत्साहात तसाच फासला. वाट लागली! पाइनमधला फिकट पट्टा मऊ असतो तो स्टेन ढसाढसा पितो, गडद रेघ कडक असते ती पीतच नाही, त्यामुळे फिकट होतं ते काळं झालं आणि सगळा टीपॉय फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसायला लागला, त्यात मधे मधे डाग. मामा हसले, "टीपकागद आहे तो. आधी चपडा पाजायचा."

मग दोन दिवस घासणं. 120 चा पॉलिश पेपर, मग 180, रेघेच्या दिशेनेच, आडवा हात गेला की ओरखडा स्टेनखाली उठून दिसतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून पातळ हात दिला, गाठींवर दोनदा, तोही सकाळी सहाला गच्चीवर, कारण आपल्या उन्हात स्पिरिट इतकं पटकन उडतं की ब्रश परत फिरवला की वळ उठतो. स्टेन पुसायला जुना सोलापुरी टॉवेल घेतला तर त्याची लव चिकटली, शेवटी आजोबांचं धोतर कामाला आलं. वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारला, कारण नुसत्या चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं.

आता रंग एकसारखा आलाय, बऱ्यापैकी. फक्त कडेच्या एका गाठीतून एप्रिलपासून राळ येतीये, मधासारखा एक थेंब, टर्पेंटाइनचा वास. 56 डिग्रीत कीड मरते, राळ घट्ट व्हायला त्याहून बराच जास्त ताप लागतो. परवा पेपर त्याला चिकटला आणि काढताना नेमकं शब्दकोडं फाटलं.

"उतरल्या नाहीत अजून," आई म्हणाली.