हत्यार महाग की बोल्ट महाग : आमची वाटचाल

आमच्याकडं नवीन कामाला लागलेला मुलगा आणि वर्कशॉप बघायला आलेला कारखान्याचा खरेदी अधिकारी, दोघंही भिंतीवरच्या पान्यांपुढं थांबून एकच विचारतात : एवढी महागडी हत्यारं तुम्हाला परवडतात का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या चांगल्या कंपनीच्या पकडीच्या पाच-सात पट, कधी कधी दहापट किंमत जर्मन पकडीची असते. तेवढ्या पैशात एका फिटरची निम्मी पेटी भरते. आमचं उत्तर असं की काही हत्यारं परवडतात, काही अजिबात परवडत नाहीत. कुठली कशात मोडतात हे ठरवायचं माप हाताशी यायला आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या.

आम्ही सांगली जिल्ह्यातले. साखर कारखान्यांचे पंप, गिअरबॉक्स, मिल हाऊसची (जिथं ऊस गाळला जातो त्या भागाची) दुरुस्ती हे आमचं काम. गळीत हंगाम चालू असताना ब्रेकडाऊन आणि पावसाळ्यात ओव्हरहॉलिंग, असं आमचं वर्ष. बाबा आयटीआय झालेले फिटर. काही वर्षं नोकरी करून त्यांनी स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सायकलच्या हँडलला एक ताडपत्रीची पिशवी असायची. त्यात फिक्स पान्यांचा एक सेट, एक स्क्रू पाना, एक पाईप पाना, दोन कानशी, छन्नी, बॉल पिन हातोडी आणि कुठल्याशा जुन्या मशिनरीबरोबर आलेले इंची पाने. या इंची पान्यांमुळंच बाबांचं नाव झालं, असं आजही जुने लोक सांगतात.

त्याचं कारण साधं आहे. आपल्या भागातल्या जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, बोल्ट भरपूर. फिटर लोक अजूनही माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच, त्यामुळं अर्ध्या इंचाचा बोल्ट हा 'चार सुती'. जुन्या मापाच्या चार सुती व्हिटवर्थ बोल्टचं डोकं समोरासमोरच्या दोन बाजूंत 0.92 इंच, म्हणजे साधारण 23.4 मिलिमीटर. त्यावर 24 चा पाना चढतो, हाताला ठीकही वाटतो. पण अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहते आणि जोर लावला की कोपरे गेलेच. तो 24 चा पाना जगातला सगळ्यात महाग असला तरी तिथं तो चुकीचाच. म्हणून किमतीच्या आधी माप येतं, हे बाबांनी आम्हाला पहिल्यांदा शिकवलं.

आता किमतीकडं येतो.

हंगामात मिल बंद पडली की यार्डात उसाच्या गाड्या तुंबतात. तोडलेला ऊस वाळतो, त्याचं वजन घटतं, साखरेचा उतारा उतरतो. शेतकरी गाडीजवळ उभा असतो, चीफ इंजिनिअर आमच्या पाठीशी उभा असतो. अशा वेळी ज्यूस पंपाच्या फ्लँजचा (पाईप जोडायच्या चकतीचा) एक नट निघत नाही. उसाचा कच्चा रस आम्लधर्मी, सामू पाच-साडेपाचच्या आसपास. तो गळून गळून नट आणि बोल्ट एकजीव झालेले असतात. वर उसाच्या भुशाचा थर बसलेला. त्या नटावर पाना चढवण्याची आमच्याकडं एक रीत आहे. आधी वायर ब्रशनं आटे आणि नटाच्या सहाही बाजू साफ करायच्या. गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि वाट बघायची. हातोडीनं नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्यायचे, म्हणजे तेल आत उतरतं. मग नट आधी किंचित आवळायचा. आवळताना गंजाचा पापुद्रा तुटल्याची बारीक 'कट्' हाताला लागते. त्यानंतरच उलटा फिरवायचा.

एवढं सगळं केल्यावर शेवटचा जोर पान्यावर येतो, आणि चांगला पाना स्वतःची किंमत इथं वसूल करून देतो. नट मापापेक्षा किंचित बारीक असतो, पाना किंचित मोठा. ती फट चांगल्या पान्यात कमी ठेवलेली असते. शिवाय चांगल्या रिंग पान्याचं, म्हणजे नटाला सगळीकडून वेढणाऱ्या पान्याचं, तोंड आतून बोटानं चाचपून बघा, कोपरे गोलसर सोडलेले जाणवतात. त्यामुळं जोर नटाच्या कोपऱ्यावर न येता कोपऱ्याच्या थोडं अलीकडं, सपाट बाजूवर येतो. अमेरिकेतल्या स्नॅप-ऑन कंपनीनं ही रचना रूढ केली, आता बऱ्याच कंपन्या तसे पाने करतात. स्वस्त पान्यात हे तोंड ढोबळ असतं, पोलादाला पाणी नीट दिलेलं नसतं (म्हणजे तापवून, थंड करून ते नीट कडक केलेलं नसतं), त्यामुळं दोन हंगामांत ते फाकतं. फाकलेला पाना फेकून देता येतो. त्यानं गोल केलेला नट मात्र तिथंच राहतो.

आणि नट गोल झाला की पुढं काय काय करावं लागतं ते बघा. छन्नीनं नट फोडायचा, नाहीतर ग्राइंडर लावायचा, नाहीतर गॅस कटर. मिल हाऊसमध्ये गॅस कटर म्हणजे आधी परवानगी, मग भुसा झाडून ओला करणं, पाण्याचा पाईप घेऊन एक माणूस उभा करणं. सुका भुसा किती पटकन पेटतो हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, गिअरबॉक्सच्या बॉडीत तुटला असेल तर ड्रिल मारून काढायचा आणि आटे पुन्हा पाडायचे. ड्रिल जरा वाकडं गेलं की कास्टिंगच गेलं. हे सगळे तास मिल उभी.

आमचं माप यातूनच ठरलं : हत्यार फसलं तर मोडणार काय आणि ते कुणाचं? हत्यारच मोडणार असेल तर मध्यम किमतीचं घ्यावं. समोरच्याची वस्तू मोडणार असेल, किंवा माणसाला इजा होणार असेल, तर बाजारात मिळेल तेवढं चांगलं घ्यावं आणि पैशाकडं बघू नये. रिंग पाने, सॉकेट, ॲलन की आणि स्क्रू ड्रायव्हरची टोकं या दुसऱ्या खात्यात. ॲलन की (बोल्टच्या डोक्यातल्या सहाकोनी खाचेत घालून फिरवायची दांडी) तर पहिल्या क्रमांकावर, कारण बोल्टचं डोकं आतून गोल झालं की वरून धरायला काहीच उरत नाही. चांगल्या ॲलन कीचं टोक काटकोनात स्वच्छ कापलेलं असतं. स्वस्तातली आमच्याकडं कुणी आणली तर आमचे थोरले फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ती उजेडात धरून टोकाचे दबलेले कोपरे त्यालाच दाखवतात.

विजेच्या कामाची हत्यारं याच खात्यात, आणि तिथं चर्चाच नाही. 1000 व्होल्टचा शिक्का आणि आयईसी 60900 हे मानक लिहिलेलं असेल तरच ते पेटीत जातं. या मानकाप्रमाणं हत्याराची चाचणी 10,000 व्होल्टवर होते. साध्या पकडीवर चढवलेलं जाड लाल-पिवळं रबर दिसायला तसंच दिसतं, पण ते फक्त हाताच्या सोयीसाठी असतं.

टॉर्क पान्याचं, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच नट आवळणाऱ्या पान्याचं, थोडं वेगळं आहे. तो विकत घेऊन काम संपत नाही. आयएसओ 6789 मध्ये 12 महिने किंवा 5000 वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन, म्हणजे माप अचूक आहे का याची तपासणी, सांगितलं आहे. म्हणजे दरवर्षी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि काम झाल्यावर स्प्रिंग सैल करून, माप सगळ्यात खाली आणून ठेवायचा. हे करणार नसाल तर महाग टॉर्क पाना घेऊ नका, त्यानं नुसता खोटा भरवसा मिळतो. आम्ही हे करतो. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र बिलाबरोबर जोडायला लागल्यापासून गिअरबॉक्सची कामं आमच्याकडं जास्त येऊ लागली, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता पैसे कुठं वाचवतो ते सांगतो. हातोडी, घण, पहार, छन्नी, ड्रिफ्ट (ठोकून पिन बाहेर काढायची दांडी) यांच्यासाठी आम्ही परदेशी कॅटलॉग कधी उघडला नाही. पहार आणि छन्न्या गावातला लोहार जुन्या पोलादातून करून देतो. पाणी देताना धारेचा रंग बघून नेमकं कुठं थांबायचं हे त्याला कळतं. धार गेली तर पुन्हा भट्टीत घालून देतो, त्याचे मोजके पैसे घेतो. बेअरिंग बसवायला लागणारे पितळी हातोडे आमच्याकडच्या फाउंड्रीतून ओतून घेतो, दांडा बाभळीचा. हे हातोडे झिजण्यासाठीच असतात. शाफ्ट शाबूत राहावा म्हणून पितळानं मार खायचा. ते महाग घेऊन काय साधणार? घणाखाली मार खाणारे स्लॉगिंग पानेही आम्ही देशी घेतो. एम 30 च्या नटाला 46 चा स्लॉगिंग पाना लागतो. त्याला नाजूक तोंडापेक्षा अंगात दम हवा.

देशी हत्यारांबद्दल मी मुद्दाम थोडं जास्त लिहितो, कारण महागडं म्हणजे परदेशीच ही समजूत मला पटत नाही. तापडियानं 1969 मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हत्यारं बनवायला सुरुवात केली. नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात जा, त्यांची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर सापडणारच. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातलं नागौर इथून देशभर आणि परदेशातही हत्यारं जातात. आमच्या पेट्यांमधला मोठा भाग हाच माल आहे आणि तो कमी दर्जाचा आहे असं आम्ही कधी म्हणणार नाही. स्क्रू पाना स्वीडनच्या योहान पेत्तर योहान्सन यांनी 1892 मध्ये पेटंट केलेल्या रचनेचा. तेव्हापासून त्याची खोड एकच आहे, जबड्यातला सैलपणा. दुकानात घेताना जबडा अर्धा उघडून दोन बोटांनी डावीकडं-उजवीकडं हलवून बघावा. कमीत कमी हलेल तो घ्यावा, शिक्का कुठलाही असो.

मग जर्मन माल आम्ही कुठं घेतला? वुपरटालच्या क्निपेक्सची कोब्रा पक्कड. ही कंपनी 1882 पासूनची. या पकडीचे दात साधारण 61 एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) इतके कडक केलेले असतात आणि जबड्याच्या रचनेमुळं पाईपवर ती जोराबरोबर आपोआप घट्ट होत जाते. मुठीला घट्ट आवळून धरायची गरज राहत नाही. बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस उकळतात त्या भागात, शिडीवर उभं राहून, एका हातानं आधार धरून दुसऱ्या हातानं पाईप फिरवायचा असतो. तिथं पक्कड निसटली की हात मागच्या गरम लाईनवर जातो. प्रत्येक फिटरसाठी आम्ही ती एकेक करून घेतली, ओव्हरहॉलिंगचं एखादं बिल जमा झालं की एक. सगळं एकदम कधीच घेतलं नाही, कर्ज काढून तर नाहीच. पहिलं महाग हत्यार ज्या फिटरच्या हातात जास्त काळ असतं त्याला, हा नियम मामांनी घातला आणि तो बरोबर होता.

एक सावधगिरी. महाग शिक्क्याची नक्कल बाजारात सर्रास येते. आम्हालाही एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नामांकित कंपनीचा म्हणून सॉकेटचा सेट आला. डब्यावरची छपाई अगदी बरोबर, पण सॉकेटच्या आतल्या कडेला मुलाम्याचे फोड आलेले आणि चौकोनात रॅचेट लडबडत होतं. परत पाठवला. तेव्हापासून महाग वस्तू आम्ही हातात घेऊनच घेतो. मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत, पक्क्या बिलासह.

चांगल्या हत्यारांमुळं आमच्या कामात आणखी एक फरक पडला. हत्यारं मोजली जाऊ लागली. पिशवीत खच्चून भरलेल्या पान्यांमधला एखादा कमी झाला तर पूर्वी कुणाला दोन-दोन आठवडे कळायचं नाही. मिल हाऊसमध्ये हे धोक्याचं असतं. केन कॅरिअरवर (ऊस मिलकडं नेणाऱ्या पट्ट्यावर) राहिलेला पाना थेट मिलमध्ये जातो आणि रोलरचे दात जातात. कॅरिअरवर चुंबक असतात, पण चुंबकावर भरवसा ठेवून फिटरनं काम करू नये. आता प्रत्येक पेटीत फोमचे खाचे कापलेले आहेत, प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली. मशीनचं संरक्षक झाकण (गार्ड) बसवायच्या आधी पेटी उघडायची, एखादा खाचा रिकामा दिसला तर मशीन सुरू करू द्यायचं नाही. चीफ इंजिनिअर कितीही घाई करू देत. या एका सवयीमुळं दोन कारखान्यांनी आम्हाला हंगामाची कामं वर्षाच्या करारानं दिली.

पेटी फिटरच्या नावावर असते. हत्यार झिजलं तर फर्म बदलून देते, पगारातून कापत नाही. पाच वर्षं टिकलेला माणूस सोडून गेला तर पेटी त्याची. यावर घरात बराच वाद झाला होता. बाबांचं म्हणणं होतं की एवढा माल कुणी देतं का. पण ज्याला ती पेटी आपली वाटते तो पाने पुसून ठेवतो, ॲलन कीला पाईप घालून जोर लावत नाही आणि पान्यावर हातोडी मारत नाही. चांगलं हत्यार चांगलं राहायचं तर एवढंच लागतं.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) टॉर्क पाना विकत घ्यावा, असा सल्ला गेल्या वर्षभरात आम्हाला बऱ्याच जणांनी दिला. आमच्याकडं तो फक्त ओव्हरहॉलिंगच्या काही दिवसांत लागेल, बाकी वर्षभर पडून राहील. तो आम्ही भाड्यानंच आणणार आहोत. ते पैसे यंदा येणाऱ्या दोन नव्या मुलांच्या पेट्यांसाठी ठेवले आहेत. यादी मामांनी करून दिली आहे : रिंग पाने, सॉकेट आणि ॲलन की सगळ्यात चांगल्या, 1000 व्होल्टचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड देशी, छन्न्या लोहाराकडच्या. कोब्रा त्यांना पहिल्या हंगामानंतर.