पाळी गेली, पोट आलं आणि झोप उडाली

शाळेत नेहमी घालायचे ते कुर्ते पोटावर बसेनात, म्हणून सैल करायला टाकले. शिवणाऱ्या ताईंनी मापं घेतली आणि म्हणाल्या, "मॅडम, दंड तर उलट बारीक झालेत. पोटच तेवढं वाढलंय." दोन वर्षांत वजन 58 वरून 65 किलो झालं होतं आणि कंबर 35 इंच. तेव्हा माझं वय 48. पाळी सेहेचाळिसाव्या वर्षापासून मागेपुढे व्हायला लागली होती आणि नुकतीच थांबली होती.

वजनाचं मला दिसत होतं, म्हणून मी त्याच्याच मागे लागले. रात्रीचं जेवण बंद केलं. चतुर्थी होतीच, त्यात सोमवार आणि गुरुवार धरले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढायला लागले. दोन महिन्यांत दोन किलो उतरले, पण पोट जिथल्या तिथे. गडाच्या चढावर पूर्वी न थांबता जायचे, आता मांड्या भरून यायच्या. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खायची आणि दोन तासांत पुन्हा भूक.

रात्रीचं तर कुणाला सांगताही येत नव्हतं. अडीच-तीनला जाग यायची ती छातीतून मानेवर चढणाऱ्या वाफेने. गाऊन भिजायचा. साताऱ्याच्या डिसेंबरात मी पंखा लावायचे आणि हे शेजारी दोन गोधड्या घेऊन झोपायचे. घाम वाळला की थंडी, मग छातीत धडधड, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत राहायचं. दुसऱ्या दिवशी डोकं जड, दर तासाला काहीतरी गोड खावंसं वाटायचं. एकदा वही विसरली म्हणून सहावीतल्या एका मुलीवर इतकी ओरडले की ती थरथरायला लागली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून मी रडले. मी अशी नाही, हे मला माहीत होतं, पण मग ही कोण, ते कळत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "या वयात होतंच, कमी खा, चाला" असं सांगून पाठवलं. त्यात माझं वर्ष गेलं आणि त्याचा मला अजून राग आहे.

मैत्रिणीच्या आग्रहाने दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी वजनाआधी विचारलं, "झोप लागते का?" मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, धडधडीसाठी ईसीजी. थायरॉईड ठीक निघालं. साखर 5.9, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वाईट कोलेस्टेरॉलही वाढलेलं. पाळी सलग बारा महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, तुमचे चौदा झालेत, त्यासाठी वेगळी हार्मोनची तपासणी नको, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन असतं तोवर तिची चरबी नितंबांवर, मांड्यांवर बसते. ते घटलं की ती पोटात, आतल्या अवयवांभोवती साठू लागते. एकूण वजन वाढायला मात्र वय, कमी होत जाणारे स्नायू आणि मोडलेली झोप जास्त कारणीभूत. मी उपाशी राहून चरबीबरोबर स्नायूही घालवत होते. शिवणाऱ्या ताईंना दंडांवर जे दिसलं ते हेच.

हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढताच मी कॅन्सर म्हटलं. त्यांनी घाई केली नाही. ती भीती मुख्यतः 2002 साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी बायकांसाठी फायद्याचं पारडं जड असतं. पण स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार असेल तर नाही. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे आणि रक्तदाब पाहून मग माझं ठरलं: त्वचेवर लावायची इस्ट्रोजेनची जेल आणि गर्भाशय असल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. "हे वजन उतरवायचं औषध नव्हे," हे त्यांनी दोनदा बजावलं. शिवाय आता थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच कळवायचं.

महिन्याभरात वाफा कमी झाल्या. पहिल्यांदा सलग सहा तास झोपले, त्या सकाळी मी यांना उठवून सांगितलं.

उपवास आता फक्त चतुर्थीचा. रोज मटकीची किंवा मुगाची उसळ, दोन अंडी, वाटीभर दही, रात्री भाकरी-पिठलं. गड आठवड्यातून चार दिवस, आणि दोन दिवस घरी दोन-दोन किलोचे डंबेल्स आणि खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस. आठ महिन्यांनी वजन 62, कंबर 33 इंच, साखर 5.6. पन्नाशीत पुन्हा 58 किलो व्हायला हवं, असं मला आता वाटत नाही.

या सगळ्यात आई सारखी आठवायची. तिची पाळी चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली. रात्री उठून ती परसात तोंडावर पाणी मारायची आणि आम्ही भावंडं म्हणायचो, आई हल्ली फार चिडकी झालीय. मी फोन करून विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला वाटायचं, मलाच काहीतरी झालंय. विचारणार कुणाला गं?" लवकर पाळी गेलेल्या बायकांची हाडं लवकर झिजतात हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला हाडांच्या घनतेच्या तपासणीला नेलं. हाडं ठिसूळ निघाली. औषध सुरू केलंय, आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय.