दख्खनी लोकरीची सतरंजी: वर्तुळ अर्ध्यावर आले

मागावरची तीन फूट रुंदीची सतरंजी आता मध्यापर्यंत विणून झाली आहे. नक्षी मोजकीच आहे: करड्या जमिनीवर एक मोठे काळे वर्तुळ आणि त्याला वरच्या अंगाने छेदणारा पांढरा पट्टा. दख्खनी मेंढीची लोकर बहुतांशी काळी असल्याने तिच्यावर रंग उठत नाही, आणि तो उठवण्याचा अट्टहास मला मान्यही नाही. म्हणून करडी छटा पिंजतानाच काळ्या लोकरीत पांढरी मिसळून साधली. ही मिसळ मुद्दाम अपुरी ठेवल्यामुळे जवळून पाहताना करड्यात काळे तंतू सुटे दिसतात आणि मोठी रिकामी जमीन सपाट, निर्जीव वाटत नाही. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, मऊ लोकर टाळली. पायाखाली राठ लोकरच टिकते.

घोंगडी विणणारे सनगर कारागीर खड्डामागावर लोकरीचाच ताणा (उभे धागे) लावतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात, कारण हातकताईचा एकेरी धागा खळीवाचून फणीत घासतो, पिंजारतो आणि शेजारच्या धाग्यात गुंततो. सतरंजीच्या विणीत मात्र बाणा (आडवा धागा) ठोकून ताणा पूर्ण झाकायचा असतो, त्यामुळे मी इंचाला पाच धागे असा जाड सुती ताणा घेतला आणि खळीची गरज उरली नाही. लोकर घोंगडीची, वीण सतरंजीची, असा हा संकर आहे.

खरा कस वर्तुळाने लावला. त्याचा तळ विणताना कडा जवळजवळ आडवी धावते आणि पायऱ्या रुंद पडतात, तेथे अडचण नसते. परंतु वर्तुळाच्या कुशीत कडा काही इंच उभी राहते आणि काळा व करडा बाणा आपापल्या ताण्यावरून मागे वळत राहिल्याने दोहोंमध्ये फट पडते. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या विणकाम विभागाचे नेतृत्व १९२७ पासून करणाऱ्या गुंटा श्टोल्झल यांनी भिंतीवरच्या विणकामात अशा फटींचा सुरेख उपयोग केला. जमिनीवरच्या वस्तूत मात्र त्यांत पायाची बोटे अडकतात. दोन्ही बाणे एकाच ताण्याला वळसा घालून वळवले, तर आपल्या जाड धाग्यामुळे तेथे वरंबा उठतो, हे नमुन्याच्या तुकड्यावर दिसून आले. म्हणून दोन ताण्यांच्या मधल्या जागेत काळा आणि करडा बाणा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवून मागे वळवतो आहे. काम संथ होते, पण कडा सपाट राहते.

बाणा सरळ न ओढता कमानीसारखा सैल घालून पंजाने (ठोकण्याच्या दातेरी फणीने) मधून बाहेरच्या बाजूस ठोकल्यास रुंदी आत खेचली जात नाही. राठ लोकर दबल्यानंतर थोडी उसळते, त्यामुळे दर काही ओळींनी पुन्हा ठोकावे लागते आणि वर्तुळ उभट होऊ नये म्हणून ताण्यामागे लावलेल्या आराखड्याशी उंची ताडून पाहावी लागते.

पुढचे काम वर्तुळाच्या वरच्या उताराचे आणि पांढऱ्या पट्ट्याचे आहे. सतरंजी उतरवल्यावर गोंडे सोडणार नाही. ताण्याची टोके सुईने उलट विणीत ओवून टाकणार आहे, कारण या रेखीव आकाराशेजारी लोंबते दोरे मला खटकतात.