जैसलमेरच्या गाईडने मावशीचा शेवट फोडला

जैसलमेरचं खूळ मावशीचं. ती बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेली बाई, रिटायर झाल्यावर अशोक जैनांच्या अनुवादांमुळे तिला बंगाली डिटेक्टिव्ह फेलूदा सापडला आणि मग सत्यजित राय यांची 'सोनार केल्ला' कादंबरी हातात आली, त्यातला सोन्याचा किल्ला म्हणजे जैसलमेरचाच. रायांनीच त्यावर काढलेला सिनेमा मी पाहिलेला होता, तिने नव्हता. जोधपूरहून निघालो तेव्हा पुस्तकाची शेवटची काही पानं राहिलेली, आणि ती किल्ला बघून झाल्यावर रात्री निवांत वाचायची असं तिने ठरवलेलं.

किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाशीच एक गाईड चिकटला, तोही थेट बंगालीत! "आसुन दादा, मुकुलेर बाडी देखबेन?" (या दादा, मुकुलचं घर बघणार?) इथे येणारा पर्यटक बंगालीच असणार असं ह्यांनी धरूनच ठेवलंय, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पुढे-मागे सगळीकडे बंगाली कुटुंबं, आजोबा नातवाला हाताला धरून गोष्ट सांगतायत. रावळ जैसलने 1156 मध्ये बांधलेला एवढा किल्ला, पण गर्दी खेचतोय 1974 चा एक सिनेमा, तोही पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने काढलेला. हेवाच वाटला मला, आपल्याकडे एवढे किल्ले आहेत पण अर्नाळकरांच्या धनंजयसाठी कोणी कुठे जातं का?

आत स्कूटर, गायी, रजयांची दुकानं, चढाच्या दगडांवरून घसरणाऱ्या चपला. मावशी दर दहा पावलांना थांबून भिंतीला हात लावत होती, तो पिवळा दगड दुपारी चांगलाच तापलेला असतो. गल्लीबोळांतून आम्ही एका पडक्या घरापाशी पोचलो. गोष्टीत पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलाचं, मुकुलचं घर म्हणे हे. गाईड एकदम रंगात आला, "यहीं पे लाया था बच्चे को, वो नकली डॉक्टर हाजरा!"

मावशी जागीच थांबली. "नकली?" मुकुलला राजस्थानात घेऊन आलेला डॉक्टर हाजरा तिच्या लेखी तोवर खराच होता.

मी डोळ्यांनी खुणावतोय पण तो कसला थांबतोय, असली डॉक्टरला पहाडावरून कसं ढकललं, फेलूदाने कसं पकडलं, सगळं हातवारे करून सांगून मोकळा. (तुम्हालाही आता कळलंच, पण पन्नास वर्षं झाली, माफ करा.) मावशीचा चेहरा बघण्यासारखा होता. "अहो, शेवट सांगतात का असा कोणी?" असं शुद्ध मराठीत त्याला झापलं आणि तो बिचारा मान डोलवत "हां हां माताजी" करत राहिला.

मग मी त्याची बाजू घेतली. कारण रायांनी स्वतःच सिनेमात हेच केलंय! 1971 च्या कादंबरीत खलनायक कोण ते शेवटापर्यंत झाकून ठेवलंय, पण सिनेमात जयपूरच्या नाहरगडावर ढकलाढकली होते तेव्हाच आपल्याला सगळं कळतं. म्हणजे कोणी केलं हा प्रश्नच संपतो आणि पोरगं त्या चोरांच्या हातात आहे, फेलूदा वेळेवर पोचतोय का, ह्याचा घोर लागतो. पडद्यावर दोन तास शेवट झाकत बसण्यापेक्षा हे मला तरी जास्त पटतं. मावशी म्हणाली, "ते रायांनी केलं तर कला, ह्याने केलं तर आगाऊपणा." गाईडचे शंभर रुपये कापायला निघालेली, मी गुपचूप पूर्ण दिले.

किल्ल्यातल्या हॉटेलात राहिलो नाही. आत अजून हजारो लोक राहतात, नळाचं पाणी आणि सांडपाणी किल्ल्याच्या पायात मुरून बुरूज ढासळलेत, त्यात आपल्या शॉवरची भर कशाला? खाली राहिलो, खोली कोंदट होती आणि रात्रभर कुणाची तरी वरात.

त्या वरातीच्या गोंगाटात मोबाईलवर सिनेमा लावला. सौमित्र चॅटर्जींचा फेलूदा मावशीला आवडला, पण जीव जडला तो फेलूदाच्या लेखक मित्रावर, जटायूवर, म्हणजे लालमोहनबाबूंवर, संतोष दत्तांनी काय काम केलंय! तरी पुस्तकच भारी असं ती अजून म्हणते.

पटव्यांची हवेली, गडीसर तलाव वगैरे झालं, फोटो टाकलेत. जवळच्या सम गावच्या वाळूत मात्र उंटावर बसायला तिने साफ नकार दिला, लालमोहनबाबूंचे हाल बघितलेत म्हणे. मी एकटाच बसलो आणि ती खालून फेलूदासारखे हात मागे बांधून सूचना देत होती.